वडिलांची बंदूक: वारस म्हणून परवाना घ्यावा की विकून टाकावी? मदत हवी आहे

सर्व सभासदांना नमस्कार. वडिलांच्या निधनानंतर त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक आम्ही परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली आहे, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना ती आमच्या गिरगावातील घरी ठेवता येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे आणि मुंबईत त्यासाठी पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो, एवढे कळले आहे.

धाकट्या भावाच्या मते स्वसंरक्षणासाठी बंदूक घरात असावी. अमेरिकेतील आमचे आतेभाऊ तर तिथल्या १७९१ च्या घटनादुरुस्तीचा दाखला देऊन हा नागरिकाचा हक्कच असल्याचे सांगतात. आपल्याकडे मात्र ती सरकारने दिलेली परवानगी आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांची कमाल संख्याही तीनवरून दोनवर आणली, हे त्यांना पटवणे कठीण आहे. माझ्या मते दोन खोल्यांच्या, लहान मुलांच्या घरात बंदुकीने सुरक्षितता वाढण्यापेक्षा धोकाच वाढेल.

मुंबईत वारसाहक्काने असा परवाना कोणी घेतला आहे का? अर्जात जिवाला असलेला प्रत्यक्ष धोका दाखवावा लागला, की वारसा हे कारण पुरले? सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण प्रमाणपत्र कोठून मिळवले? आणि विकायचेच ठरवले, तर आईच्या संमतीखेरीज इतर वारसांचे ना-हरकत पत्रही विक्रेता मागतो का? शक्यतो स्वानुभवावरून उत्तर द्यावे, ही विनंती.