'फुटवर्क'ला पदलालित्य म्हणावं का? (संदर्भ : दगड, नाच नव्हे)

दिवाळीअंकवाली
मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा घाईची आहे. आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या दिवाळी अंकासाठी जॉन गिलवर लेख लिहितेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्म १९३७, अमेरिकेतलं अलाबामा, पेशाने गणिताचा प्राध्यापक. १९५०च्या दशकात हा गडी जिमनॅस्टिक्स शिकला आणि ते घेऊन थेट दगडांवर गेला. मोठ्या डोंगराची तालीम म्हणून लोक ज्या धोंड्यांवर वेळ काढायचे, तेच त्याने मुख्य काम मानलं. आजच्या बोल्डरिंगचा, म्हणजे धोंड्यांवर दोराशिवाय चढण्याचा, मूळपुरुष.

माझं वाक्य असं होतं: 'गिलची शैली, पदलालित्य आणि ताकद एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत.' संपादकांनी 'पदलालित्य'भोवती लाल गोल करून समासात लिहिलंय, 'हा मनुष्य भरतनाट्यम करतो काय?'

मी लहानपणापासून क्रिकेटच्या बातम्यांत पदलालित्यच वाचत आलेय. चूक आहे का? दुसरा शब्द सुचवा. 'फुटवर्क' तसंच ठेवायला संपादक तयार नाहीत.

शब्दखोर
ताई, संपादकांचं चुकलं आणि तुमचंही. पदलालित्याचा पायाशी मुळात संबंधच नाही. 'उपमा कालिदासस्य भारवेरर्थगौरवम्, दण्डिनः पदलालित्यम्' हे शाळेत घोकलं असेलच. तिथे पद म्हणजे शब्द. दंडीची शब्दरचना लालित्यपूर्ण आहे, एवढाच अर्थ. पुढे कुणा क्रीडा पत्रकाराला फुटवर्कला भारदस्त शब्द हवा होता, त्याने दंडीला पॅड बांधून मैदानात उतरवलं.

गल्लीक्रिकेट
उतरवलं तर उतरवलं. चाळीस वर्षं वाचतोय, कळतं ना सगळ्यांना? गावसकरचं पदलालित्य म्हटल्यावर तो सुंदर शब्द वापरायचा असं कुणाला वाटलंय का आजवर? वापराने अर्थ ठरतो. विषय संपला.

शब्दखोर
वापराने ठरतो तर 'फुटवर्क' काय वाईट आहे? तेही वापरातच आहे.

धोंडोपंत
मी पंधराएक वर्षं कातळावर चढतोय, म्हणून बोलतो. क्रिकेटमधला बॅट्समन पाय हलवतो. आमच्याकडे पाय न हलवणं हीच कला आहे. एकदा ठेवला की ठेवला.

मला शिकवणाऱ्या सरांची एक शिक्षा होती. मुंब्र्याच्या एका धोंड्यावर ते खाली डोळे मिटून बसायचे. आम्ही चढायचं. बूट कातळावर घासल्याचा किंवा आपटल्याचा आवाज आला की डोळे न उघडता म्हणायचे, 'पाय वाजला. खाली ये.' पहिल्या दिवशी मी डोक्याएवढ्या उंचीच्या वर गेलोच नाही. एकोणीस वेळा खाली आलो, मोजलंय. विसाव्या वेळी पायाकडे बघत बघत, जागा हेरून, अंगठा हळूच टेकवला आणि मग वजन दिलं. आवाज नाही. सर म्हणाले, 'आता जमला.' तेव्हा कुणालाही लालित्य आठवलं नाही, पोटऱ्या थरथरत होत्या.

म्हणून माझं मत: 'पावलांची ठेवण'. अक्षराची ठेवण म्हणतो तसं.

दिवाळीअंकवाली
अरे वा, 'ठेवण' छान आहे!

शब्दखोर
छान आहे पण स्थिर आहे. चेहऱ्याची ठेवण, घराची ठेवण. ती असते, करावी लागत नाही. 'गिलच्या पावलांची ठेवण' वाचून मला तो सपाट पायांचा होता की कमानीच्या, असं वाटेल.

लालमाती
दांडपट्ट्यातला 'पवित्रा' घ्या की! पाय कुठे, वजन कुठल्या पायावर, शरीर कसं वळलंय, सगळं त्या एका शब्दात येतं. शुद्ध मराठमोळा, कमावलेला शब्द.

गल्लीक्रिकेट
'विरोधकांचा आक्रमक पवित्रा' यापलीकडे आता त्या शब्दाला काही उरलेलं नाही. गिलने दगडाविरुद्ध पवित्रा घेतला, मग मोर्चा काढला.

हॉर्सटूथजवळून
मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहते, म्हणून राहवलं नाही. गिलचे काही गाजलेले प्रॉब्लेम (धोंड्यावरच्या एकेका चढाईला असं म्हणतात) इथे, हॉर्सटूथ जलाशयाच्या काठी आहेत: पिंच ओव्हरहँग, लेफ्ट एलिमिनेटर. शनिवारी मुलाला घेऊन जाते. तो चढतो, मी खाली गादी सरकवते. (गिलच्या काळी गादीबिदी काही नव्हती, हे लेखात जरूर लिहा.) वालुकाश्म आहे, आणि इतक्या वर्षांच्या बुटांनी पाय ठेवायच्या जागा फरशीसारख्या गुळगुळीत झाल्यात.

आता मूळ वाक्याबद्दल. लोकांना गिल म्हटलं की हातच आठवतात. एका हाताने फ्रंट लिव्हर, म्हणजे बारला एका हाताने लटकून अख्खं शरीर जमिनीला समांतर. एका बोटावर पुलअप. त्यामुळे 'ताकद' सगळे मान्य करतात आणि पाय विसरतात. पण पिंच ओव्हरहँगला हातात चिमटीएवढाच दगड येतो. पाय नीट नसतील तर त्या चिमटीला काही अर्थ नाही. माझा मुलगा तिथूनच सुटतो, दर वेळी. तेव्हा शब्द कुठलाही घ्या, पण तो शोभेचा नको. पदलालित्य मला शोभेचं वाटतं.

निवृत्त मल्लखांब
मी मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवत होते, आता गुडघे शिकवतात मला. हा गिल दोरी चढायचा असं वाचलंय, खरं का?

हॉर्सटूथजवळून
हो आजी. जॉर्जिया टेक या कॉलेजात असताना. तिकडे तो जिमनॅस्टिक्सचाच एक प्रकार होता. ऑलिंपिकमध्येही असायचा, शेवटचा १९३२ साली. नुसत्या हातांनी, घड्याळ लावून चढायचं.

निवृत्त मल्लखांब
नुसत्या हातांनी? मग ती निम्मीच दोरी झाली! आमच्याकडे दोरी पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरतात. नवी मुलगी पहिला महिना हातानेच लोंबकळते आणि रडते. एक दिवस अंगठा कळतो, की तीच मुलगी वर जाऊन आसन लावते. त्याला आम्ही कधी लालित्य म्हटलं नाही. 'पायाची पकड' म्हणायचो. हाताची पकड आणि पायाची पकड. तुमच्या लेखात एवढं सोपं का चालत नाही?

धोंडोपंत
आजी, शब्द एकदम रोखठोक आहे, पण दगडावर पाय नेहमी पकडत नाही. बऱ्याचदा तो नुसता घासून थांबतो. सपाट उतारावर पकडायला काही नसतंच, रबर आणि विश्वास.

निवृत्त मल्लखांब
विश्वासाला पण पकडच लागते बाळा.

बलशाली बाळू
'ताकद'वर कुणीच बोलत नाहीये. ताकद अरबी, जोर फारसी. आपल्याकडे 'बळ' असताना गिलला परका शब्द का? सावरकरांनी एवढं करून ठेवलं ते कशासाठी?

गल्लीक्रिकेट
आले.

लालमाती
बाळूशेठ, तालमीत 'जोर' काढतात, 'बळ' काढत नाहीत. वस्ताद म्हणाले 'शंभर बळ काढ', तर पोरगं डॉक्टरकडे जाईल.

शब्दखोर
शिवाय 'बळ' घेतलंत की विज्ञानवाले येतील. पाठ्यपुस्तकात बल म्हणजे फोर्स आणि शक्ती म्हणजे पॉवर. चढणाऱ्यांच्या बोलण्यात स्ट्रेंग्थ आणि पॉवर या वेगळ्या गोष्टी आहेत ना?

धोंडोपंत
आहेत. धरून राहणं वेगळं आणि झटक्यात उसळणं वेगळं. गिलचं वेगळेपण त्यातच आहे. आमच्या बेसिक कोर्समध्ये पहिला धडा 'थ्री पॉइंट': दोन हात, दोन पाय, यातले तीन कायम दगडावर, एका वेळी एकच हलवायचा. तिकडच्या जुन्या लोकांतही उडी मारून होल्ड (धरायची जागा) पकडणं म्हणजे अडाणीपणा होता. गिलने ती उसळी मुद्दाम, ठरवून वापरली. वर जाताना एक क्षण असा येतो की चढणं थांबलंय आणि पडणं सुरू झालेलं नाही. तेवढ्यात होल्ड धरायचा, म्हणजे झटका बसत नाही. ही आंधळी उडी नव्हे, हिशेब आहे. आता सांगा, ही ताकद, शैली की फुटवर्क? उसळी पायातूनच निघते. दिवाळीअंकवालीताई, तुमचं 'वेगळी काढता येत नाहीत' हे वाक्य बरोबर आहे, म्हणूनच शब्द सापडत नाहीयेत.

दिवाळीअंकवाली
धन्यवाद धोंडोपंत, पण संपादकांना शब्द हवाय, तत्त्वज्ञान नको. आणि 'शैली'वरही त्यांनी छोटं प्रश्नचिन्ह काढलंय. म्हणतात, शैली लेखकाची असते.

शब्दखोर
'लकब' घ्या. मुळात अरबीत लकब म्हणजे उपाधी, किताब. मराठीत येऊन ती बोलण्याची, चालण्याची ढब झाली. (बाळू, माफ कर.)

हॉर्सटूथजवळून
लकब आपोआप पडते. गिलसाठी शैली ही कमवायची गोष्ट होती. जिमनॅस्टला जसे गुण कसरत कशी केली याचेही मिळतात, तसं नुसतं वर पोचणं त्याला पुरेसं नव्हतं. डळमळत, धडपडत चढलं तर ते काम अर्धवट. १९६९ साली अमेरिकन अल्पाइन जर्नलमध्ये त्याने बोल्डरिंगच्या कलेवर लेख लिहिला, त्याचा सूर असाच आहे. मला 'सफाई' हा शब्द सुचतोय.

निवृत्त मल्लखांब
सफाई! हो. आम्ही परीक्षक असताना तेच बघायचो.

दिवाळीअंकवाली
सफाई लिहून घेतली. आता दुसरी कबुली देते, हसू नका. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'गिलने गिर्यारोहणात खडू आणला'. गणिताचा प्राध्यापक असल्यामुळे मंडळातल्या एका काकांना वाटलं, तो वर्गातून खिशात खडू घालून डोंगरावर जायचा.

धोंडोपंत
😂 पण रास्त शंका आहे! फळ्याचा खडू वेगळा, हा मॅग्नेशियम कार्बोनेट. घाम शोषून घेतो. आम्ही 'चॉक'च म्हणतो, मराठीत कुणीही खडू म्हणत नाही. 'चॉक दे रे.'

निवृत्त मल्लखांब
आमच्याकडे राळ.

शब्दखोर
राळ म्हणजे झाडाचा डिंक, ती चिकटते. हा कोरडं करतो. उलटं काम आहे.

निवृत्त मल्लखांब
काम एकच, हात सुटू नये.

दिवाळीअंकवाली
आणि द थिंबल? दक्षिण डकोटातल्या नीडल्समध्ये गिल १९६१ साली तो तीसेक फुटी सुळका दोराशिवाय चढला. खाली गाडीतळाचा कठडा होता, म्हणजे पडला असता तर दगडमातीवरही नाही, त्या कठड्यावर. हिवाळ्यात जिमच्या भिंतीतून बाहेर आलेले नट-बोल्ट चिमटीत दाबून त्याने बोटांची तयारी केली होती म्हणतात. मी भाषांतर केलं 'सुयांमधलं अंगुस्तान' (शिवताना बोटात घालतात ती टोपी). संपादकांनी तेही कापलं.

शब्दखोर
अंगुस्तान कापलं?? किती सुंदर शब्द! फारसी 'अंगुश्त' म्हणजे बोट. जो माणूस बोटांच्या जोरावर तो सुळका चढला, त्याला याहून चपखल काय मिळणार? संपादकांचा पत्ता द्या.

गल्लीक्रिकेट
विशेषनामांचं भाषांतर करू नये. उद्या कुणी तुमच्या खंडाळ्याच्या 'ड्यूक्स नोज' कड्याला सरदाराचं नाक म्हणेल.

लालमाती
तो नागफणी आहे. आधीपासून आहे.

शब्दखोर
आमची आजी शिवताना पितळी अंगुस्तान घालायची. आता कुणाला शब्दही माहीत नाही. माझ्या मुलीला विचारलं तर म्हणाली, देश आहे का?

बलशाली बाळू
अंगुस्तानही फारसीच निघालं. चालू द्या.

धोंडोपंत
'प्रॉब्लेम'चं काय केलंत ताई? गिल तर गणितीच. मी 'गणित' म्हणेन. 'हे गणित सुटत नाही' असं आपण एरवीही म्हणतोच.

दिवाळीअंकवाली
तेच केलंय! गिलच्या बी-१, बी-२, बी-३ या अवघडपणाच्या श्रेणी समजावतानाही ते कामी आलं. बी-३ म्हणजे एकाच माणसाला सुटलेलं गणित. इतरांनी प्रयत्न केलेत, जमलेलं नाही. दुसऱ्या कुणी सोडवलं की ते बी-३ राहत नाही, खाली येतं. यावर संपादक काही बोलले नाहीत, म्हणजे आवडलं असावं किंवा वाचलं नसावं.

मालवणातून
उशिरा आलो. पाय ठेवण्याच्या जागेला काय लिहिलंत? आमच्याकडे माडावर चढायला खाचा पाडतात. पाडेली अनवाणी, पाय त्या खाचेत आडवा घालून, एका हातात कोयती घेऊन असा सरसर जातो की बघत राहावं. तुमच्या गिलने हे पाहिलं असतं तर दोन नारळ नक्की दिले असते.

धोंडोपंत
किल्ल्यांवर कातळात खोदलेल्या असतात त्यांना आम्ही पावठ्या म्हणतो.

शब्दखोर
पावठी की पावटी? मी 'पावटी' ऐकलंय, पायरी या अर्थाने.

लालमाती
ट्रेकवाले सगळे पावठ्याच म्हणतात.

गल्लीक्रिकेट
पावटा म्हणजे वाल. आमच्याकडे उसळ करतात.

निवृत्त मल्लखांब
पावटा वेगळा, वाल वेगळा. कडवे वाल तर आणखी वेगळे. कुणी सांगितलं एकच म्हणून?

दिवाळीअंकवाली
अहो, फुटवर्क राहिलं की! आज रात्री पान लावायला द्यायचंय.

गल्लीक्रिकेट
आजी, आमच्या अलिबागला पोपटीत घालतात ते वालच. सगळे पावटाही म्हणतात त्याला.

निवृत्त मल्लखांब
अलिबागचे म्हणत असतील.