एकच गोष्ट, नजरा वेगळ्या: बडोदेकरांनो, लिहा

काल गप्पांत वाद रंगला. वेदान्तातला दोरीवरचा साप आणि जैनांचा अनेकान्तवाद एकाच माळेत ओवले जात होते. मला ते पटत नाही. दोरीला साप समजणारा चुकलेलाच असतो. दिवा आणला की साप गेला. अनेकान्तवादात वस्तूलाच अनेक अंगं, आणि ज्याचं त्याचं म्हणणं त्या त्या अंगापुरतं खरं. तिथे दिवा आणून वाद मिटत नाही. तर आपल्या गावातले अनुभव सांगा, दोन्ही जातींचे चालतील. फक्त आंधळे आणि हत्ती नकोत, तो हत्ती आता दमलाय.

काठावरचा: आमच्याकडे साप-दोरीचं उलटं चालतं. हिवाळ्यात विश्वामित्री नदीच्या गाळावर ओंडका पडलेला दिसतो. मुंबईचा पाहुणा तिकडे ढुंकूनही बघत नाही. मग ओंडका जबडा उघडतो. ऊन खाताना मगरी तोंड उघडं ठेवतात, अंग फार तापू नये म्हणून. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्तीत आल्या, तेव्हापासून आईला प्रत्येक ओंडका मगरच दिसतो. चुकायचंच तर तिच्यासारखं चुकलेलं परवडतं.

रावपुऱ्याची सून: न्यायमंदिर बांधलं भाजीबाजारासाठी, पण तिथे भरलं कोर्ट. सासरे बाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. म्हणायचे, "वांगी नाहीत इतकंच, घासाघीस तीच." पुढे कोर्ट दुसरीकडे हललं. भाची आर्किटेक्चर शिकते, ती कमानींचे फोटो काढत होती. मी बघत होते ती फरशी, जिथे मामंजींचं टेबल असायचं. तिच्या एकाही फोटोत ती आली नाही, आणि त्या कमानी मी इतक्या वर्षांत मान वर करून पाहिल्या नव्हत्या.

रेघोट्या: कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, १९३९ ते १९४६ मधली. फाइन आर्ट्सला असताना 'गंगावतरणा'समोर आम्ही रेषेचा जोर, मोकळी जागा यांवर तोंडाची वाफ दवडायचो. एकदा आजीला नेलं. तिने हात जोडले आणि मला दटावलं, "गंगा उतरतेय, आधी नमस्कार कर, वही मग काढ." केला बाबा. पण नमस्कार करतानाही माझं लक्ष रेषेवरच.

धागाकर्ता: @रेघोट्या, ही अस्सल दुसऱ्या जातीची. आजीला रेषा दिसली नसेल म्हणून चित्रात गंगा नाही असं होत नाही, आणि तुझ्या रेषेवाचून तिलाही गंगा दिसली नसती. दिवा कुणासाठी आणायचा?

तरी_वाढा: एवढं तत्त्वज्ञान मला झेपत नाही. पुण्याचा मावसभाऊ सेव-उसळीला "बिघडलेली मिसळ" म्हणतो. फरसाण कुठाय, नुसती शेव का, पाव इतके का, सगळ्यावर टीका. मी वाद घातला नाही. विचारलं, "तरी अजून सांगू का?" म्हणाला, "सांग. आणि दोन पाव."