सांगलीत बघितलेलं, केलेलं आणि फसलेलं नाटक: तुमचे अनुभव लिहा

५ नोव्हेंबर, म्हणजे मराठी रंगभूमी दिन, जवळ आला की सांगलीत दरवर्षी तेच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं म्हणून आपण नाट्यपंढरी. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. मग हार, गौरव पदक, भाषणं. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. ते सोडून लिहा. तिकीट काढून बसला असाल तर खुर्चीतलं, विंगेत असाल तर विंगेतलं.

माझ्यापासून सुरुवात. आठवीत असताना आजोबांबरोबर देवलांचं 'शारदा' बघितलं. पाऊणशे वर्षांचा भुजंगनाथ बोहल्यावर चढायला निघालाय, त्याची ती नटण्याची घाई, मी पोट धरून हसत होतो. आजोबा काही हसेनात. मला वाटलं, झोप आली असेल. परत येताना ते सायकल हातात धरून चालत होते, मी मागं कॅरिअरवर. गावभागात शिरल्यावर म्हणाले, "आमची थोरली आत्या अशीच दिली होती. ती अकराची, तो अठ्ठेचाळीसचा." 'शारदा' रंगभूमीवर आलं १८९९ साली. आत्याचं लग्न त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी. म्हणजे लोक नाटक बघून आले, पदं गुणगुणली आणि पोरी दिल्याच.

तेव्हापासून माझं एक मत आहे, त्यावरून भांडायला मी तयार आहे. हल्ली जुनं संगीत नाटक अडीच तासांत बसवताना गद्य कापतात आणि पदं ठेवतात. 'शारदा'त खरा माल गद्यात आहे. कात्री लावायचीच तर गाण्याला लावा.

विंगेतला

२२ वर्षं हौशी नाटकात आहे आणि स्टेजवर सगळं मिळून चार मिनिटं उभा राहिलोय. बाकी सेट, टेम्पो, चहा, प्रॉम्प्टिंग.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. तालमी शाळेच्या हॉलवर, रात्री नवानंतर, कारण एक जण एसटीत कंडक्टर, दोघी शिक्षिका आणि आमचा नायक मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर. दिवसभर त्याचं काम एकच, पोत्यातनं हळकुंड काढायचं, कट्टकन मोडायचं आणि आतला रंग बघायचा. नाटकात तो मुंबईचा सर्जन! रंगीत तालमीला लाइट पडले आणि सगळ्यांचं लक्ष हाताकडं. पिवळेधमक. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. मेकअपवाल्या काकांनी शेवटी तळहातांना पॅनस्टिक चोळली. ती घामानं सुटली आणि पहिल्याच अंकात बायकोच्या पांढऱ्या ब्लाउजवर पाठीमागं पाच बोटं उमटली. पुढचे दोन प्रवेश ती बिचारी प्रेक्षकांकडं पाठ करीना. दिग्दर्शकानं बसवलेल्या हालचाली गेल्या कृष्णेत.

तेवढ्यावर भागलं नाही. आत उघडणारं दार सेट लावताना बाहेर उघडणारं लागलं होतं. ऐन भांडणाच्या प्रवेशात डॉक्टरसाहेब तावातावानं दार ओढतायत आणि दाराऐवजी भिंत येतीय. मी मागनं फ्लॅटला, म्हणजे सेटच्या भिंतीला, पाठ लावून बसलो, मांडीवर संहिता, दातांत टॉर्च. तशात तो वाक्य विसरला. दातांत टॉर्च धरून 'तुझ्या वडिलांच्या इस्टेटीशी मला कर्तव्य नाही' म्हणून बघा एकदा.

काळी चार (मिरज)

धागाकर्त्यांशी असहमत. गद्यही कापू नका, पदंही कापू नका, पदातल्या ताना कापा. नाट्यपद म्हणजे संवादाचा पुढचा श्वास. प्रेयसी समोर उभी आहे, प्रश्न विचारून बसली आहे आणि हा सात मिनिटं आलाप करतोय. तिनं तोवर तोंडावर कुठला भाव ठेवायचा? वन्समोअर मिळाला की गवई सुखावतो आणि नाटक तिथंच बसकण मारतं. मी ऑर्गनवर बसून हे शेकडो वेळा बघितलंय.

ऑर्गनचाच किस्सा. जुलैतला प्रयोग, हवा इतकी दमट की पत्रिकेचा कागदसुद्धा मऊ. नांदी झाली आणि मधल्या सप्तकातल्या पंचमाची पट्टी दाबलेलीच राहिली. पायानं भाता मारीन तोवर तो सूर चालू, भाता सोडला तर सगळंच बंद. बाईंचं पद सुरू झालेलं. डाव्या हाताचं बोट पट्टीच्या कडेला अडकवून ती वर धरून ठेवली आणि उरलेलं पद एका हातानं वाजवलं. मध्यंतरात दोन रसिक मुद्दाम भेटायला आले. एक म्हणाले, "आज साथ फार संयमित होती." आता त्यांना काय सांगणार?

आणि सांगलीकरांनो, जरा दमानं घ्या. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते १९०५ साली, आमच्या मिरजेत.

तासगावचा गडी

तुमचं सगळं थेटरातलं. आमचं नाटक यात्रंला, देवळाम्होरं. पडदं भाड्यानं, नटी सांगलीस्नं. मोसमात तिचं रोज येक गाव. आमची नावंबी तिला म्हाईत नसायची, निसतं 'हिरो', 'व्हिलन', 'धाकटा' म्हनायची. हिरो आमचा सोसायटीचा चेरमन, कारन निम्मी वर्गणी त्येची.

मी धाकटा भाऊ, तिसऱ्या अंकात मेलेला. आडवा पडलेलो तिच्या पायाशी. चेरमन आला आन् गपच. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. तिनं काय करावं? पदर तोंडाला लावला, पब्लिककडं पाठ केली, आन् खांदं हालवत रडायचं सोंग करत हळूच त्येचं वाक्य त्येला सांगितलं. त्यो बोलला. ती वळली, मोठ्यानं आपलं बोलली, परत पाठ, परत त्येचं. आख्खा प्रवेश तिनं दोघांचाबी केला. मी मेलेला, मला येकट्यालाच ऐकू येतंय, आन् हसू दाबून पोट दुखायला लागलेलं. शेवटी खाली वाकली आन् म्हनली, "हालू नको रं, झालंच." सकाळच्या पयल्या यष्टीनं ती गेली. बक्षीस चेरमनला.

आन् तमाशाला नाक मुरडणाऱ्यास्नी येकच सांगतो, आमच्या कवलापूरच्या काळू-बाळूंचा वग ज्यानं उघड्यावर बसून बघितला न्हाई, त्येनं मला टायमिंग शिकवू नये.

पाचवी रांग

मी फक्त प्रेक्षक. तक्रार लिहिली तर चालेल ना? पुण्याला नोकरीत होतो तेव्हा शनिवार-रविवारी निवडायला नाटकं असायची. इथं परत आल्यापासून मुंबईच्या नाटकाची जाहिरात दिसली की आधी धाकधूक, प्रयोग होतोय का नाही. एकदा प्लॅन उघडल्यादिवशी जाऊन तिकिटं काढली, दुपारी फोन, बुकिंग नाही म्हणून प्रयोग रद्द. मी चिडलो. मग एका व्यवस्थापकांनी हिशेब समजावला. बस, ट्रक, कलाकारांची नाइट (प्रयोगाचं मानधन), जेवण, राहणं, भाडं, जाहिरात, हे सगळं अडीचशे लोक आले काय आणि आठशे आले काय, तेवढंच. दौऱ्यात कोल्हापूर-सांगली-सातारा ओळीनं लागले तर जमतं, एक जरी गळालं की बाकीचे दोन तोट्यात. त्यांच्यावरचा राग निवळला आणि फुकट पासवाल्यांकडं वळला. शहरात ज्याला पाचशेचं तिकीट सहज परवडतं तोच आधी पास मागतो.

एका नाट्यगृहातल्या पंख्यांबद्दलही लिहिणार होतो. नाव घेत नाही. ओळीतला तिसरा पंखा गंभीर प्रसंगातच कण्हतो.

माहेर सांगली

मला दाखवायला न्यायचे तेव्हा आई दोन गोष्टी लपवायची, चष्म्याचा नंबर आणि नाटक. एका स्थळानं शोधून काढलंच. मुलाची मावशी म्हणाली, "आमच्यात रात्री बाहेर राहणं चालत नाही." माझे बाबा म्हणाले, "प्रयोग सातला असतो, साडेनवाला घरी येते. तुमचा मुलगा किती वाजता येतो?" ते लग्न झालं नाही, बरं झालं.

२०२० चं दुःख मात्र अजून आहे. शंभरावं नाट्यसंमेलन, अध्यक्ष जब्बार पटेल, मार्चअखेर सांगलीत. मी ठाण्याहून रजा टाकून, तिकीट काढून तयार. मग टाळेबंदी. संमेलन शेवटी २०२४ च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवडला झालं. गेले नाही. तुम्ही म्हणाल हट्टीपणा. असेल.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून एवढंच: वसंत कानेटकरांचा जन्म रहिमतपूरचा. बाकी आम्ही शाहू कला मंदिरात गप्प बसून नाटकं बघतो, पंढरीबिंढरी म्हणवून घेत नाही. :)

गावभाग

२०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या संस्थेची खोली तळमजल्यावर. आठ दिवसांनी कुलूप काढलं तेव्हा ट्रंकेतले शालू, फेटे, गंगावनं यांचा मिळून एक चिखलाचा गोळा झालेला. कपडे परत शिवता येतात. गेल्या त्या संहिता. छापील पुस्तकं नव्हेत, आमच्या सरांच्या हातच्या वह्या. डाव्या पानावर पेन्सिलीनं कोण कुठून आत येतो, कुठं थांबतो, कुठं टाळी येते आणि ती आली नाही तर काय करायचं. वह्या आम्ही गच्चीवर उन्हात मांडल्या. शाईची पानं पुसली गेली होती, पेन्सिल राहिली होती. म्हणजे आता आमच्याकडे हालचाली आहेत, वाक्यं नाहीत. गेल्या दिवाळीत चौघं जुने नट बसलो आणि हालचाली बघून वाक्यं आठवत गेलो. दुसरा अंक जवळजवळ पुरा झालाय. तिसऱ्यात नायिकेची भूमिका करणाऱ्या बाई आता नाहीत, तिथं अडलंय.

पाचवी रांग

@विंगेतला, निकाल काय लागला ते सांगितलंच नाहीत.

विंगेतला

तिसरे आलो. दाराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बक्षीस समारंभात एका परीक्षकांनी दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सांगितलं, "तो मूळचा शेतकऱ्याचा मुलगा आहे हे संहितेत कुठंच नाही, तुम्ही नुसत्या हाताच्या रंगातून आणलंत. फार सूक्ष्म काम." दिग्दर्शक म्हणाला, "थँक्यू सर, त्यावर आम्ही बराच विचार केला होता."