लंडन : आई-बाबांना गाडीतून शहर दाखवायचंय, खासगी गाइडबद्दल सल्ला हवा

वाईची लेक :

नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगला राहतो. आई-बाबा वाईहून आलेत, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आहेत. बाबा ७९ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. चालतात, पण शंभर पावलांवर थांबावं लागतं. आई ७४, एक गुडघा बदललाय आणि दुसराही कुरकुरतोय. ट्यूबचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे जिने आणि स्टेशनांतली ती न संपणारी चाल दोघांनाही झेपणारी नाही.

गेल्या आठवड्यात उघड्या टपाच्या पर्यटक बसमध्ये बसवलं. आईला वर चढता आलं नाही. खाली बसून तिला दिसली ती पुढच्या बसची पाठ. कानात घालायच्या यंत्रातलं बोलणं बाबांना नीट कळेना, आणि पावसाची भुरभुर. दोन थांब्यांनंतर उतरलो आणि घरी परत आलो. बाबा म्हणाले, "असू दे गं, टीव्हीवर पाहिलंय सगळं." ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये.

म्हणून आता अर्ध्या दिवसासाठी छोटी खासगी गाडी आणि सोबत गाइड, असं मनात आहे. आम्ही दोघं, आई-बाबा आणि पाच वर्षांची मुलगी, असे पाच जण. काळी टॅक्सी घ्यावी की मोठी सात-आठ सीटर? चालकच गाइड असावा की वेगळा माणूस हवा? आणि टिळक लंडनमध्ये राहिले ते घर बाबांना पाहायचंय. असल्या ठिकाणी नेतात का हे लोक, की बिग बेन आणि राजवाडाच?

हॅरोचा वाटसरू :

काळी टॅक्सी घ्या. डोळे मिटून सांगतो, आणि कारणंही देतो.

लंडनमधल्या बहुतेक बस लेनमधून काळ्या टॅक्सीला जाता येतं, खासगी भाड्याच्या गाडीला नाही. शनिवारी दुपारी त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला तिथे गेल्यावर कळेल. दुसरं, मध्य लंडनमधल्या मोठ्या रस्त्यांच्या कडेला दुहेरी लाल रेघा असतात. तिथे इतर गाड्यांना थांबायची बंदी, पण प्रवासी उतरवायला आणि घ्यायला काळी टॅक्सी थांबू शकते. आईंना दाराशी उतरता येणं हाच तुमचा खरा प्रश्न आहे, म्हणून हे महत्त्वाचं. मध्य लंडनमध्ये गाडी नेण्यासाठीचा गर्दीचा कर टॅक्सीला माफ असतो, तो भाव ठरवताना वेगळा लावला जात नाही.

नव्या विजेच्या टॅक्सीत मागे सहा जण बसतात, तीन पुढे तोंड करून आणि तीन उलटे. छताला काच आहे, त्यामुळे सेंट पॉलचा घुमट बसल्या जागेवरून दिसतो. दाराशी पिवळ्याधमक मुठी असतात, त्या धरून चढणं सोपं जातं. व्हीलचेअर असेल तर उताराची फळी प्रत्येक काळ्या टॅक्सीत असतेच, संकोच न करता मागा. आईंना उलट्या सीटवर मात्र बसवू नका, मळमळतं.

आणि हे चालक. मध्य लंडनमधल्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करून, तोंडी परीक्षा देऊन बिल्ला मिळवतात. तीन-चार वर्षं जातात त्यात. स्कूटरवर पुढे नकाशा लावून पावसात गल्ल्या घोकत फिरणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. त्यांतल्या काहींनी पुढे गाइडचं शिक्षणही घेतलेलं असतं. तसा माणूस शोधा. मग वेगळा गाइड लागत नाही.

चाफा :

मी उलटा अनुभव सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. सासू-सासऱ्यांसाठी आम्ही जाहिरात पाहून स्वस्तातली आठ सीटर घेतली होती. तीन तासांत चौदा ठिकाणं, असं लिहिलं होतं, आणि त्याने खरोखरच चौदा दाखवली. एकाही ठिकाणी इंजिन बंद केलं नाही. "डावीकडे बघा", आपण मान वळवेपर्यंत ते मागे गेलेलं. सासऱ्यांनी एकदा लघवीला जायचंय म्हणून सांगितलं, तर पुढच्या चाळीस मिनिटांत थांबायला जागाच सापडेना. घरी आल्यावर ते जेवले नाहीत, नुसते पडून राहिले. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

त्यामुळे ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा : कुठेकुठे थांबणार, आणि तिथे स्वच्छतागृह आहे का? जो याचं उत्तर पटकन देतो तो माणूस कामाचा. साउथ बँकवरचं रॉयल फेस्टिव्हल हॉल, ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय), सगळीकडे फुकट आहे आणि लिफ्टही आहे. अपंगांसाठीची कुलूपबंद स्वच्छतागृहं उघडणारी रडार किल्ली मिळते, ती एक घेऊन ठेवा. पुढच्या सगळ्या सहलींना उपयोगी पडते.

नीळकंठ :

वर सगळं बरोबर आहे. एकच भर. खासगी गाडी घ्यायचीच झाली तर पुढच्या आणि मागच्या काचेवर टीएफएलचा (लंडनच्या वाहतूक संस्थेचा) गोल परवाना चिकटवलेला आहे ना, ते पाहा. समाजमाध्यमांवर "आपला माणूस, आपली गाडी, मराठीत गाइड" अशा जाहिराती येतात. माणूस भला असेलही, पण घरच्या गाडीच्या विम्यात भाड्याचे प्रवासी बसत नाहीत. अपघात झाला तर वृद्ध आई-वडिलांना घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं?

गाइडच्या बाबतीत ब्लू बॅज म्हणजे सर्वांत वरची पात्रता. वेस्टमिन्स्टर ॲबी किंवा टॉवर ऑफ लंडनच्या आत नेऊन माहिती सांगायची असेल तर तोच लागतो. तुम्हाला आत जायचंच नसेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

वाईची लेक :

खूप आभार. काळी टॅक्सी पक्की. वार कोणता घेऊ? मुलीची शाळा असते, म्हणजे शनिवार किंवा रविवार. आणि चार तास पुरतील का? साधारण खर्च?

हॅरोचा वाटसरू :

शनिवार, सकाळी नऊ. रविवारी राजवाड्यासमोरचा मॉल हा रस्ता गाड्यांना बंद असतो. पहारा बदलण्याचा सोहळा साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अकराच्या सुमारास असतो, तेव्हा आजूबाजूचे रस्ते अडवतात. शनिवारी यातलं काहीच नाही. मात्र शनिवारी दुपारी व्हाइटहॉलकडे मोर्चे निघतात, म्हणून तो भाग दुपारपर्यंत ठेवू नका.

चार तास म्हणजे भरपूर. तुम्ही रेडिंगहून रेल्वेने पॅडिंग्टन स्टेशनलाच उतराल, टॅक्सी तिथूनच घ्या. भाव गाडीमागे असतो, माणशी नाही. आम्हाला गेल्या वर्षी चार तासांचे तीनशे पौंडांच्या घरात पडले. पाच जणांत वाटले तर बसच्या तिकिटांपुढे फार वाटत नाही.

उत्तरा :

टिळकांच्या घराबद्दल मी सांगते, मी तिथे तीनदा गेले आहे. पत्ता १०, हाउली प्लेस. पॅडिंग्टनहून टॅक्सीने पाच-सात मिनिटं, लिटल व्हेनिसच्या कालव्याजवळ. चिरोल खटल्यासाठी, म्हणजे चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी, टिळक १९१८ च्या ऑक्टोबर अखेरीस इथे पोचले. फेब्रुवारीत खटला हरले, तरी लगेच परतले नाहीत. स्वराज्याची बाजू मांडत नोव्हेंबर १९१९ पर्यंत इंग्लंडमध्येच राहिले. घरावर निळी गोल पाटी आहे. आत लोक राहतात, त्यामुळे घंटी वाजवायची नाही, फुटपाथवरूनच पाहायचं. गल्ली इतकी शांत आहे की टॅक्सी दहा मिनिटं उभी राहिली तरी कुणाची अडचण होत नाही.

तिथून सेंट जॉन्स वूड रोडने निघालात की लॉर्ड्स लागतं. बाबा ८३ सालच्या पिढीतले आहेत, न उतरता नुसता वेग कमी करायला सांगा. पुढे प्रिमरोझ हिलच्या कडेला १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते. इथून ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जात, तिथे दिवसभर बसून अभ्यास करत. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. आत जायचं असेल तर वेळा आधी पाहून घ्या, आणि वरच्या मजल्यांना जिने आहेत हे लक्षात ठेवा. जमलं नाही तर दारापाशी तरी उभं राहा. एवढ्याशा भाड्याच्या खोलीतून निघालेला माणूस काय करून गेला, हे त्या रस्त्यावर उभं राहिल्यावर जितकं जाणवतं तितकं वाचून जाणवत नाही.

हायगेटला ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू हे इंडिया हाउस, जिथे सावरकर राहिले. पाटी तिथेही आहे. पण ते आणखी उत्तरेला चढावर. चार तासांत तिकडे गेलात तर टॉवर ब्रिज सोडावा लागेल. दोन्ही घाईघाईने करू नका, एक निवडा.

गाइडला हे पत्ते आठवडाभर आधी पाठवा. त्यांना टिळक माहीत नसतील, पण चांगला चालक वाचून येतो. आमचा आला होता.

चाफा :

उत्तराताईंचा मार्ग फारच सुरेख. पुढचा भाग असा करा : किंग हेन्रीज रोडवरून रीजंट्स पार्कच्या कडेने खाली, ब्रिटिश म्युझियमला उतरून चहा आणि स्वच्छतागृह, मग सेंट पॉल, टॉवर ब्रिज. आणि परत येताना थेम्सच्या काठच्या एम्बँकमेंट रस्त्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे या. इथे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे नदी थेट आईंच्या डाव्या हाताला येते, मध्ये दुसऱ्या गाड्या नाहीत. उलट दिशेने गेलात तर नदी समोरून येणाऱ्या बसच्या पलीकडे राहते. आईंना डाव्या खिडकीशी बसवा.

टॉवर ब्रिज वर्षातून सुमारे ८०० वेळा उघडतो, वेळा संकेतस्थळावर दिलेल्या असतात. मुलीसाठी ती वेळ साधता आली तर तिला आयुष्यभर लक्षात राहील. नाही साधायची तर निदान टाळा, नाहीतर गाड्यांच्या रांगेत अडकाल.

वाईची लेक :

बाबांना वहीत लिहून दिलं सगळं. ते वाघनखांबद्दलही विचारत होते, व्ही अँड ए मधल्या.

नीळकंठ :

ती सध्या आपल्याकडे आहेत! २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, पहिल्यांदा साताऱ्यातच होती. ती महाराजांचीच, असं संग्रहालयही ठामपणे म्हणत नाही. तेव्हा व्ही अँड ए दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

एक विचारू का? सगळा धागा वाचला. टिळक, लॉर्ड्स, वाघनखं, सगळं बाबांचं झालं. आईंना काय पाहायचंय?

वाईची लेक :

तुमचा प्रश्न वाचून फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. आधी म्हणाली, "तुम्ही न्याल तिकडे येईन, माझं काय." पुन्हा विचारलं. पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "रमा जन्मली ते हॉस्पिटल बघायचंय."

मुलगी २०२० च्या मे महिन्यात झाली. तेव्हा आम्ही लंडनमध्येच राहत होतो. आईचं तिकीट काढलेलं होतं, विमानंच बंद झाली. बाळंतपणाचे डिंकाचे लाडू करून डब्यात भरून ठेवले होते, ते शेवटी वाईत शेजाऱ्यांना वाटले. हॉस्पिटल पॅडिंग्टन स्टेशनला लागूनच आहे. इतके दिवस आम्ही तिथूनच ये-जा करतोय आणि माझ्या हे लक्षातही आलं नाही.

उत्तरा :

मग पहिला थांबा तोच. स्टेशनवरून निघाल्याबरोबर. बाकी सगळं त्याच्यानंतर.

वाईची लेक :

जाऊन आलो काल. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांना मनापासून सांगावंसं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

चालक साठीचे, स्वतःच गाइड. पत्ते वाचून आले होते, आणि टिळकांचं नाव चुकत का होईना पण दोन-तीनदा घोकून आले होते. हॉस्पिटलसमोर त्यांनी गाडी थांबवली आणि आम्हाला काही न विचारता बाहेर जाऊन उभे राहिले. आई उतरली नाही. खिडकीतून वर बघत मला विचारलं, "कितवा मजला?" मी दाखवला. मग रमाला मांडीवर ओढून घेतलं आणि तिलाही बोट करून दाखवलं. रमा म्हणाली, "आजी, तू तेव्हा फोनमध्ये होतीस."

हाउली प्लेसला बाबा मात्र उतरले. मफलर नीट केला, पाटीवरची अक्षरं सावकाश मोठ्याने वाचली, हात जोडले. परत गाडीत बसल्यावर म्हणाले, "इथून नोव्हेंबरात निघाले आणि पुढच्या ऑगस्टला गेले." पुढचा रस्ता ते चालकांना चिरोल खटला समजावत होते, त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत, अर्धवट वळून, आणि मधल्या काचेतून चालक मान डोलवत ऐकत होते.

सेंट पॉलला थांबलो नाही, दोघंही दमली होती. टॉवर ब्रिजही सोडला. ब्रिटिश म्युझियममध्ये बसून घरून आणलेल्या पोळीच्या गुंडाळ्या खाल्ल्या आणि तिथून सरळ एम्बँकमेंटच्या पूर्वेच्या टोकाला गेलो. आईला डाव्या खिडकीशी बसवलं होतं. नदी दिसल्यावर ती म्हणाली, "कृष्णेपेक्षा गढूळ आहे की." आणि वेस्टमिन्स्टर येईपर्यंत खिडकीवरून नजर काढली नाही.

सेंट पॉल आणि टॉवर ब्रिजसाठी त्याच चालकांना ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारचं सांगून ठेवलंय. या वेळी दोनच तास.