रिजिड २९ला रुंद टायर: पुढे २.६ बसेल का, आणि मागे किती?

यवतेश्वर_वळण

नमस्कार मंडळी. सायकल स्टीलची रिजिड (शॉक नसलेली) माउंटन बाइक, चाकं २९ इंची, फोर्कही रिजिड. सध्या २९ × २.१ (इंच रुंद) टायर आहेत, आत ट्यूब, हवा दोन्हीकडे ३५ पीएसआय. डिस्क ब्रेक. रिमची आतली रुंदी २५ मिमी, रिम ट्यूबलेस-रेडी आहे, पण ट्यूबलेस अजून केलेलं नाही. क्रँक तीन चेनरिंगांची. माझं वजन ७६ किलो, सायकल १४.

रस्ते: साताऱ्यातून यवतेश्वर, कास, पुढे बामणोली. कधी ठोसेघर. शिवाय कोरेगावच्या बाजूचे पाटाकडेचे मुरमाचे रस्ते आणि उसातल्या गाडीवाटा. घाट उतरताना खड्ड्यांनी मनगटं बधिर होतात आणि मुरमाच्या वळणावर पुढचं चाक सटकतं. सस्पेन्शन फोर्क बसवायचा नाही, हे नक्की.

२.४, २.६ की थेट २.८? काय काय मोजून घेऊ? आणि सराट्यांच्या काट्यांचं काय करायचं?

पाना_मिरज

टायरचं नाव नंतर. आधी जागा मोजा.

२९च्या रिमवर टायरची बीड (आतली कडक कड) जिथे बसते तिथला व्यास ६२२ मिमी, म्हणजे ॲक्सलच्या मध्यापासून ३११. त्यात टायरची निम्मी उंची मिळवली की टायर सर्वात रुंद कुठे येणार ते कळतं: ३४० ते ३४५ मिमी. मागचं चाक काढा, ड्रॉपआउटमध्ये ॲक्सल टेकतो तिथून चेनस्टेवर (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या नळ्या) ३४० ला मार्करने खूण करा आणि दोन्ही चेनस्टेमधलं आतल्या बाजूचं अंतर घ्या. फोर्कलाही तसंच. मग उंची: ॲक्सलच्या मध्यापासून फोर्क क्राउनच्या (फोर्कच्या दोन पायांचा वरचा जोड) खालच्या बाजूपर्यंत, आणि मागे सीटस्टेच्या (सीटखालून ॲक्सलकडे येणाऱ्या दोन नळ्या) ब्रिजपर्यंत. क्राउनखाली मडगार्डचा बोल्ट डोकावत असेल तर माप त्या बोल्टच्या टोकापर्यंतच धरा. हा बोल्ट भल्याभल्यांच्या हिशोबातून सुटतो.

टायर बसल्यावर प्रत्येक बाजूला ६ मिमी मोकळी जागा हवी. सहा नंबरची ॲलन की आरपार फिरली म्हणजे झालं. एवढी जागा कशाला? रिम एक-दोन मिमी लपकत असते, उभं राहून पेडल मारताना चाक थोडं वाकतं, नवा टायर पहिल्या काही आठवड्यांत एक-दोन मिमी फुगतो, आणि नॉबमध्ये (टायरवरचे उंचवटे) अडकलेली खडी चेनस्टेचा रंग सोलत जाते. स्टीलच्या फ्रेमला रंग गेला की गंज आलाच.

सध्याचा टायर हवा भरलेल्या स्थितीत कॅलिपरने मोजून तोही आकडा द्या. टायरवर छापलेल्या रुंदीवर भरवसा ठेवू नका.

यवतेश्वर_वळण

मोजलं. फोर्कमध्ये ८२ मिमी. क्राउनपर्यंत ३९४, बोल्ट ३ मिमी खाली येतो, म्हणजे ३९१. चेनस्टेमध्ये ७२. ब्रिजपर्यंत ३८८. सध्याचा २.१ प्रत्यक्षात ५२ मिमी भरतो.

पाना_मिरज

उत्तर आकड्यांतच आलं.

पुढे: २.६ म्हणजे ६६ मिमी, पण ही रुंदी ३० मिमीच्या आसपासच्या रिमवरची. रिम १ मिमी अरुंद झाली की टायर साधारण ०.४ मिमीने आक्रसतो. तुमच्या २५च्या रिमवर ६४ धरा. ८२ वजा ६४ म्हणजे दोन्ही बाजूंना ९–९ मिमी. उंचीत ३११ अधिक ६४, म्हणजे ३७५. बोल्टपर्यंत १६ मिमी उरतात. आरामात बसेल. ३.० घातला तर बाजूला चार-पाच मिमीच उरतात, तो विषय बंद. २.८ मोजमापात कसाबसा बसेल, पण २५च्या रिमवर तो वर फुगतो आणि खाली निमुळता होतो, कमी हवेवर वळणात कुशीवर लोळतो. २.८ला निदान ३० मिमीची रिम हवी.

मागे: २.३५ म्हणजे ६०, तुमच्या रिमवर ५८. ७२मधून गेले की ७–७ मिमी. २.४ घेतला तर सहाच्या काठावर. म्हणून मागे २.३५, फार तर २.४, त्यापुढे नाही. आणि चेन सर्वात लहान चेनरिंग आणि मागच्या सर्वात मोठ्या चकतीवर टाकून बघा. तीन चेनरिंगांच्या क्रँकवर त्या गिअरला चेन टायरच्या खांद्याजवळून जाते, फ्रंट डिरेलरचा (पुढच्या चेनरिंगांवर चेन हलवणारा भाग) पिंजराही तिथेच असतो. इथेही ३–४ मिमी दिसायला हवेत.

पुढे रुंद, मागे जरा कमी, ही जोडी रिजिडवर तशीही बरोबर. मनगटाचा मार पुढच्या चाकातून येतो. मागच्या माराला तुम्ही पेडलवर उभं राहून गुडघ्यात जिरवू शकता. सायकल पुढून सुमारे १२ मिमी आणि मागून ६ मिमी वर जाईल, हेड अँगल (फोर्कचा कल) जेमतेम ०.३ अंशाने ढळेल. हँडल काही वेगळं वाटायचं नाही. मीटरचा सेन्सर पुढच्या चाकाला असेल तर घेर मात्र नव्याने भरा: व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूची खूण, सायकलवर बसून एक पूर्ण फेरा, परत खूण, मधलं अंतर मिमीत.

सॅडलबॅग_सांगली

एक पर्याय कुणी मांडला नाही. २७.५ची चाकं बनवून २.८ का नको? बाहेरचा व्यास जवळपास २९ × २.१ एवढाच येतो, डिस्क असल्याने ब्रेकचा प्रश्न नाही, आणि हवेचं आकारमान भरपूर.

पाना_मिरज

पुढे चालेल. मागे नाही. २७.५ची बीड ५८४ला, म्हणजे टायरचा रुंद भाग ॲक्सलपासून सुमारे ३२७ला येतो. तिथे चेनस्टेमधली जागा अजून मिळाली तरी ७५–७६ मिमी मिळेल, आणि २.८ म्हणजे ७१. दोन-अडीच मिमीत काय होणार. शिवाय दोन रिम, आरे आणि विणण्याची मजुरी. त्या पैशात दोन चांगले टायर, सीलंट (ट्यूबलेस टायरमधली भोकं बुजवणारा द्रव) आणि प्रेशर गेज येऊन वर उरतात.

जांभा_आणि_मुरूम

मोजमाप झालं, पण खरी गोष्ट ३५ पीएसआय ही आहे. नवा २.६ घेऊन त्यात ३५ भरले तर मनगटं आहेत तशीच राहतील, उलट जास्त उडाल.

कारण असं. टायरच्या आवरणावरचा ताण हवेचा दाब गुणिले त्याची गोलाई, या हिशोबाने वाढतो. टायर रुंद झाला की तेवढ्याच दाबाला आवरण जास्त ताणलं जातं. तुमच्या ५२ मिमी टायरमध्ये ३० भरल्यावर जो टणकपणा येतो, तो ६४ मिमीत २४–२५ लाच येतो. रुंद टायरवर छापलेला कमाल दाब कमी असतो तो याचमुळे. रुंदीचा फायदा कमी हवेवरच मिळतो.

आजच एक करून बघा, खर्च शून्य: आहे त्याच टायरमध्ये पुढे २६, मागे २९ भरा आणि यवतेश्वर उतरा. ट्यूब असल्याने याखाली जाऊ नका, नाहीतर दगडावर ट्यूब रिम आणि टायरच्या कचाट्यात सापडते आणि दोन समांतर चिरा पडतात. निम्मी तक्रार इथेच मिटावी.

नव्या जोडीसाठी सुरुवातीचे आकडे, ७६ किलोच्या माणसाला: ट्यूबलेस असेल तर पुढे १८, मागे २२. ट्यूब ठेवलीत तर पुढे २१, मागे २५. मग नेहमीच्या खडबडीत पट्ट्यावर एकेक पीएसआय कमी करत जा. रिमला दगड लागल्याचा ‘टक्’ आवाज एकदा आला की दोन पीएसआय वाढवा, तो तुमचा आकडा. हवा फारच कमी झाली तर डांबरावर लगेच कळतं: हँडल जड होतं, रस्त्याच्या उताराकडे सायकल आपोआप ओढते, वळणात टायर कुशीवर झुकल्यासारखा वाटतो. फार जास्त असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांवर पुढचं चाक टप्पे घेतं. टायर ही नुसती स्प्रिंग आहे, उसळी शमवायला शॉकसारखं तेल आत नाही. म्हणून टप्पे सुरू झाले तर उपाय हवा काढणं, भरणं नव्हे.

१६० पीएसआयपर्यंत काटा असलेला फ्लोअर पंप १८ दाखवतो तेव्हा खरे १५ असतील किंवा २१. ० ते ३० चं वेगळं गेज घ्या. या दाबाला दोन पीएसआयचा फरक हाताला जाणवतो. आणि काससाठी हवा बदलायची गरज नाही. वर गेल्यावर बाहेरचा दाब घटल्याने टायरमधला दाब पाऊण पीएसआयच्या आसपास वाढलेला दिसतो, पण वरच्या थंडीने तो बऱ्यापैकी खालीही येतो.

टायर निवडताना रुंदीइतकीच साइडवॉल (टायरची बाजू) बघा. तारेच्या बीडचा जाड स्वस्त २.६ कमी हवेवरही लाकडासारखाच वागतो. घडी होणारी बीड आणि लवचिक आवरण हवं. पण आपल्याकडे जांभ्याच्या धारदार कडा साइडवॉल चिरतात, म्हणून शर्यतीचं सर्वात हलकं आवरण नको, मधलं संरक्षण असलेलं घ्या. नॉब मधे बुटके आणि जवळजवळ, खांद्यावर जरा उंच. व्हिटोरिया मेझकाल २.३५ आणि २.६ दोन्हीत येतो, तुमच्या मापाला नेमका. मॅक्सिस रेकॉन २.६ पुढे घातलात तर मुरमावरची पकड वाढेल, डांबरावर थोडी घरघर होईल. त्यांच्या २.४ वर ‘डब्ल्यूटी’ लिहिलेलं असतं, तो ३० ते ३५ मिमी रिमसाठी आखलेला, तुमच्या २५ वर आकार बिघडेल. श्वाल्बे बिग ॲपल २.३५ डांबर आणि कोरड्या गाडीवाटेवर झकास, पण नॉब नाहीत. पावसाळ्यात पुढे घालू नका.

एक विनंती: कासच्या फुलांच्या पठारावर सायकल रस्त्याखाली उतरवायची नाही, टायर कितीही रुंद असो.

काळं_रान_कोरेगाव

वरचं सगळं पटलं, पण उसातल्या गाडीवाटा जूनपासून वेगळं प्रकरण आहे. काळी माती ओली झाली की टायरवर थर चढतो, प्रत्येक फेऱ्याला जाड होतो, आणि तुमचे ते ७ मिमी शे-दोनशे मीटरांत भरून चाक ठप्प होतं. ब्रिजपाशी आणि चेनस्टेच्या मागे आधी. त्यात रुंद टायर माती जास्त उचलतो. म्हणून जुना २.१ विकू नका. पावसाळ्यात मागे तोच घाला, १० मिमी जागा मिळते. काळ्या मातीत अरुंद आणि विरळ नॉबचा टायर खाली रुततो, घट्ट थराला टेकतो आणि नॉबमधली माती झाडतो. मुरमाच्या रस्त्यावर मात्र पाऊस असो-नसो रुंदच बरा.

शेवाळलेल्या ओल्या जांभ्यावर कुठलाच नॉब चालत नाही. तिथे उतरून चाला.

पाना_मिरज

हे महत्त्वाचं, मान्य. आता ट्यूबलेस, कारण सराट्यांना दुसरं उत्तर नाही. पाटाच्या कडेला एका फेरीत टायरमध्ये दहा-बारा सराटे बसतात, ट्यूबला तेवढीच भोकं. सीलंट ती चालता चालता बुजवतो.

रिममधली जुनी पट्टी काढा, आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेप २८ मिमी रुंद घ्या, आतल्या २५ला तेवढी हवीच, दोन्ही कडा भिंतीला चढल्या पाहिजेत. टेप जोरात ओढत लावा, शेवटी १० सेंटिमीटर चढवा. व्हॉल्व्हचं भोक ब्लेडने कापू नका, चीर पळत जाते. तापवलेल्या दाभणाने पाडा, कडा वितळून पक्की होते. व्हॉल्व्हची नट हातानेच आवळा. पक्कडीने आवळलीत तर वाटेत ट्यूब घालायची वेळ आल्यावर ती सुटणार नाही.

घडी केलेला नवा टायर आधी ट्यूब घालून रात्रभर फुगवून ठेवा. सकाळी एकच बाजू उघडून ट्यूब काढा, दुसरी बीड बसलेलीच राहते, अर्धं काम झालं. उघड्या बाजूला साबणाचं पाणी, व्हॉल्व्हचा कोअर (आतली झडप) काढा, एकदम हवा सोडा. पंपाने जमत नसेल तर पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर, पण प्रेस्टा व्हॉल्व्हला अडॅप्टर न्या आणि काट्यावर डोळा ठेवा. टायरवरचा आणि रिमवरचा, यातला कमी आकडा ही मर्यादा. बीड बसताना दोन-तीन ‘फट्’ आवाज येतात. टायरवर बीडजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

मग कोअर काढलेल्या व्हॉल्व्हमधून सीलंट: पुढे १२० मिली, मागे १००. हलवा, फिरवा, चाक बादलीच्या तोंडावर आडवं ठेवा, थोड्या वेळाने पालथं. पहिल्या दोन दिवसांत थोडी हवा उतरेल, चालायचंच. उन्हाळ्यात सीलंटमधलं लॅटेक्स लवकर सुकतं, एप्रिल-मेमध्ये सहा आठवड्यांनी बघा आणि ५०–६० मिली भरा. चाक हलवून आत खळखळ ऐकू आली नाही तर सीलंट संपलंय.

बाभळीचा मोठा काटा काढला आणि फेस थांबेना, तर भोक खाली आणून थांबा, तरी नाही तर प्लग (भोकात ठासायची रबरी पट्टी). सोबत ट्यूब ठेवाच. ती घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवून अडकलेले सगळे सराटे उपटा, नाहीतर नवी ट्यूब दोन मिनिटांत गेली. नुसता हात फिरवू नका, बोटं रक्तबंबाळ होतात.

यवतेश्वर_वळण

२६/२९ करून उतरलो, फरक आहेच. पुढे मेझकाल २.६ आणि मागे २.३५ मागवतोय, २.१ पावसाळ्यासाठी ठेवतो. पैसे एकदम नाही जमले तर आधी कुठला घेऊ?

जांभा_आणि_मुरूम

पुढचा. आणि त्याच्यासोबत गेज, मागच्या टायरच्या आधी.