आयल (दोन रॅकमधली वाट) छोटा म्हणून डोळे झाकून रीच ट्रक? मला नाही पटत

गोडाऊनकर: गोडाऊनसाठी कोणता फोर्कलिफ्ट घ्यावा यावर परवा एकाने लिहिलं, "जागा कमी असेल तर डोळे झाकून रीच ट्रक (काटे पुढे सरकवून माल उचलणारा) घ्या." तेव्हापासून डोक्यात बसलंय. साध्या काउंटरबॅलन्सला (मागे वजन असलेला नेहमीचा फोर्कलिफ्ट) ३.५ ते ४ मीटर आयल लागतो आणि रीचचं पावणेतीन-तीनमध्ये भागतं, हे मान्य. पण त्याची चाकं लहान आणि कडक, फ्लोअरचा जॉइंट उखडलेला असला की ८ मीटरवर मास्ट (माल वर नेणारा खांब) कसा झुलतो ते एकदा खाली उभं राहून बघा. शिवाय यार्डात गाडी खाली करायला तो जाणार का? म्हणजे दुसरं मशीन आलं, दुसरा ऑपरेटर आला, आणि तोवर माल दारात पडून. त्यापेक्षा आर्टिक्युलेटेड (पुढचा भाग वळणारा फोर्कलिफ्ट) घ्या, २ मीटरच्या आसपास चालतो आणि बाहेरही जातो.

रॅक७: आणि चालवणार कोण? आमच्याकडे आला होता. काउंटरबॅलन्सवर हात बसलेली पोरं, मागची चाकं वळायची सवय, इथे तर पुढचा भागच वळतो. पहिल्या महिन्यात रॅकचे तीन खांब वाकवले. वाकलेल्या खांबावर भरलेलं पॅलेट उभं असतं तेव्हा झोप लागत नाही हो.

बॅटरीदादा: आयल आयल काय करताय, चार्जिंगची जागा कोण धरणार? लेड-ॲसिड म्हणजे ८ तास चार्ज, वर थंड व्हायला वेळ, हायड्रोजन निघतो म्हणून हवा खेळती पाहिजे. आणि पाणी चार्जिंगच्या आधी काठोकाठ भरतात, मग चार्ज होताना ॲसिड वर येऊन सांडतं, टर्मिनलवर पांढरा थर. पाणी चार्ज झाल्यावर भरायचं, किती वेळा सांगू!! लिथियम घ्या, जेवणाच्या सुट्टीत चार्ज होते.

रॅक७: लिथियम हलकी असते दादा. बॅटरी हेच मागचं वजन आहे, ते घटलं तर गाडी पुढे कलणार. आमच्याकडे एकाने कुणाला न विचारता बदलली, उचलताना मागची चाकं जमिनीवरून सुटली.

बॅटरीदादा: मग मागे वजन बसवायचं आणि कंपनीकडून नवीन कपॅसिटी प्लेट (किती वजन उचलायचं ते लिहिलेली पाटी) घ्यायची! तुमच्या माणसाने घोळ घातला, त्यात बॅटरीचा काय दोष? अर्धवट ऐकून बोलू नका.

रॅक७: अर्धवट कोण? मी तिथे उभा होतो.

सुपरवायझरताई: दोघंही थांबा जरा. दिवसाला २०-२५ पॅलेट आणि रॅक दोन मजली असेल तर चालत वापरायचा स्टॅकर पुरतो, आम्ही तीन वर्षं त्यावरच काढली. व्हीएनए (अगदी अरुंद आयलसाठीचा ट्रक) १.६-१.८ मीटरमध्ये जातो, पण त्याला वायर किंवा रेल गाइडन्स (जमिनीतल्या तारेने किंवा रुळाने सरळ ठेवणं) लागतं आणि फ्लोअर एकदम सपाट. आधी सांगा, तुम्ही आयल मोजता कुठून? रॅक ते रॅक ना? पॅलेट दोन्ही बाजूंनी १०-१० सेंटीमीटर बाहेर आलेलं असतं, तुमचे ३ मीटर तिथेच २.८ झाले.

गोडाऊनकर: ...रॅक ते रॅकच मोजलं होतं. ठीक आहे ताई, हे बरोबर. आर्टिक्युलेटेडचं माझं मत तेच आहे, पण रॅक७ म्हणतो तसं आधी महिनाभर रिकाम्या पॅलेटवर हात बसवायला लावीन. उद्या माल भरलेला असतानाच टेप लावतो.