बोर्ड बदलण्याआधी झाकण उघडा

भर दुपारी पीसी आपोआप बंद पडतो आणि दुकानदार मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) बदला म्हणतो, असं लिहिलंय तुम्ही; वर रॅम वाढवू का, असंही विचारलंय. थांबा जरा! सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांचा, त्यात तुमच्या शेजारी यंत्रमाग. माझं घरही तसंच. मागच्या मे महिन्यात कॅबिनेट उघडलं, तर सीपीयूच्या हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) सुताच्या तुसाची चक्क गादी! (चादरींचं गाव ना आपलं.) ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर भिंगरीसारखी फिरून बेअरिंग जातं. सीपीयू आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारा सेटिंगचा पडदा) तापमान बघा. काही काम चालू नसताना ८० अंशांच्या वर दिसलं, तर कूलर (हीटसिंक आणि पंखा) नीट बसलेला नाही.

तरीही बंद पडला तर माझा संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्यावर छापलेले वॅट मी तरी खरे धरत नाही. ओळखीच्यांचा चांगला एसएमपीएस दिवसभर लावून बघा.

रॅमचं म्हणाल तर तुमच्या चौथ्या पिढीच्या इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसरला डीडीआर-३ या जुन्या प्रकारचीच लागते, डीडीआर-४ खाचेत बसणारच नाही. वेग हवा असेल तर त्यापेक्षा आधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी साटा केबलने जोडायची वेगवान डिस्क) टाका.